पेटीची गोष्ट

कालच्या बारा दांड्यांतल्या पाच फुटल्या होत्या. खुंटीने त्या जाळायच्या ढिगात टाकल्या नाहीत, भिंतीशी ओळीने उभ्या करून ठेवल्या. काका येऊन मोजणारच होते, मग लपवाछपवी कशाला? पाचही एकाच जागी गेल्या होत्या, पाठीच्या वळणावर, बाहेरच्या कडेला.

खुर्च्यांच्या पाठी वळवायच्या त्या या खोलीत. एका टोकाला बॉयलर, त्यातून निघालेली नळी, आणि नळीच्या तोंडाशी माणूस आडवा झोपेल एवढी लांब लाकडी पेटी. दांड्या पेटीत घालायच्या, दाराच्या फटींत चिंध्या कोंबायच्या आणि त्या वाफेवर शिजू द्यायच्या. शिजल्या की एकेक बाहेर ओढून लोखंडी साच्याभोवती दोघांनी दोन टोकं धरून वळवायची. गार व्हायच्या आत जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. दांडी कमी शिजली तर बाहेरून फाटते, जास्त शिजली तर आतून चुरगळते.

आणि किती शिजवायची, हे या कारखान्यात गोष्ट ठरवायची. घड्याळ घ्यायची ऐपत नव्हती त्या काळात आजोबांनी ही युक्ती काढली होती. पेटीचं दार लागलं की गोष्ट सुरू, गोष्ट संपली की दार उघडायचं. दांड्या फाटल्या की आजोबा गोष्टीत भर घालत, चुरगळल्या की थोडी छाटत. असं दोन वर्षं चाललं म्हणे, तेव्हा कुठे ती नेमकी बसली. बाहेरचे लोक हसायचे. पण त्या गोष्टीवर शिजलेल्या खुर्च्यांना अर्ध्या शहराची पाठ टेकली होती, त्यामुळे हसणारेही बसूनच हसायचे.

"पाच?" धाकटे काका दारातूनच म्हणाले.

"पाच."

"परवा चार होत्या. प्रगती आहे."

काका रस्त्याकडचं दुकान बघत. गिऱ्हाइकांशी गोड बोलून बोलून तोंडातली सगळी साखर तिथेच संपवत आणि मग मागे कारखान्यात येत. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे खुंटीला माहीत होतं. आज त्याचा उपयोग नव्हता.

"वाचनालयाला महिन्याभरात ऐंशी खुर्च्या द्यायच्यात," ते म्हणाले. "या चालीने आपण ऐंशी देणार आणि पन्नास जाळणार."

"लाकूड चांगलं येत नाही, काका."

"अठरा वर्षं? तीन वखारवाले बदलले आपण. सगळ्यांनी मिळून आपल्याविरुद्ध कट केलाय का?" त्यांनी पिशवीतून एक कागद काढून कामाच्या टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर हातोडी ठेवली. "ठरल्याप्रमाणे आज एक पेटी. आठ दांड्या. एक फुटली तर चालेल. दोन फुटल्या तर वळवण्याचं काम बंद. पाठी बाहेरून तयार आणायच्या, आपण नुसते स्क्रू पिळायचे. साचे भंगारात."

"ठरलंय ना. परत परत कशाला सांगता?"

"कारण तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. आणि हो, तुझ्या आत्यालाही बोलावलंय. बाराला येईल. कारखाना तिघांच्या नावावर आहे, तिची सही लागते."

खुंटीच्या हातातली चिंधी तशीच राहिली. आत्या अठरा वर्षांत या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. ती गेली तेव्हा खुंटी अकरा वर्षांची होती. तिला एवढंच आठवत होतं, की आजोबा गेल्यावर महिन्याभरात याच खोलीत मोठा आवाज झाला होता आणि आत्या ओले हातसुद्धा न पुसता तशीच निघून गेली होती.

"बाबांना सांगितलंत?"

"सांगतो," काका म्हणाले. याचा अर्थ सांगितलं नव्हतं.

बुटकी आणि हट्टी होती म्हणून आजोबांनी तिला खुंटी म्हणायला सुरुवात केली. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि बापाच्या खांद्याच्या वर गेली होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. नऊ वर्षं तिने याच पेटीच्या तोंडाशी काढली होती. तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही. दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं.

*

थोरले, म्हणजे खुंटीचे बाबा, आले, पेटीत आठ दांड्या मोजून घातल्या आणि दाराशेजारच्या स्टुलावर बसले. सहासष्ट वर्षांचा माणूस, उजवा खांदा दुखरा, पण बसण्यात अजून कारखान्याचा मालक दिसत होता. तेवढ्यात वहिनी आत आल्या.

वहिनी म्हणजे थोरल्यांची बायको, खुंटीची आई. धाकट्या दिराने पहिल्या दिवसापासून वहिनी म्हटलं आणि मग सगळ्या कारखान्यानेच म्हटलं. अंगणापलीकडच्या खोलीत बसून त्या खुर्च्यांच्या बैठका वेताने विणत. या खोलीत मात्र येत नसत. नणंद निघून गेली त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, "त्या पेटीपाशी मी आता पाय ठेवणार नाही." आणि ठेवला नव्हता. आज त्या हातात अर्धी विणलेली बैठक घेऊन आल्या आणि खिडकीशी बसल्या.

"तू?" थोरले म्हणाले.

"पोरीचा निकाल आहे. तिकडे बसून वेत चुकणार, मग इकडे बसून चुकू दे."

थोरल्यांनी दार लावलं. खुंटीने चिंध्या कोंबल्या. धाकट्यांनी खिशातून घड्याळ काढलं आणि बटण दाबलं. पेटीवर हात ठेवून थोरल्यांनी सुरुवात केली.

"एक सुतार होता, आणि त्याला दोन मुलगे होते."

खिडकीशी वहिनींनी मान वर केली. मग खाली घातली.

धाकटे गोष्ट ऐकत नव्हते. ते काट्याकडे बघत होते. दहा वर्षांपूर्वी त्यांनीच असंच उभं राहून अख्खी गोष्ट मोजली होती. बावन्न मिनिटं. मग पत्र्याच्या तुकड्यावर रंगाने ५२ लिहून तो पेटीच्या वर ठोकला होता, म्हणजे कधी थोरल्यांचा घसा बसला तरी काम अडायला नको. आपण या घरात थोडी शिस्त आणली, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं. गोष्टीत त्यांना तशीही गोडी नव्हती. तिच्यात ते चार वर्षांचे होते आणि फळीवर झोपलेले होते. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने स्वतःच्या झोपेची हकिगत किती वेळा ऐकायची?

तरी थोरल्यांचा आवाज चांगला होता, हे कबूल करायला हवं. घाई नाही, चढउतार नाही, जिथे थांबायचं तिथे थांबत होता. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून केलेला पहिला साचा आला. पाठीचं दुखणं असलेले शाळामास्तर आले, ज्यांना कुठल्याच खुर्चीत बसवत नव्हतं. सुताराने त्यांच्या पाठीचं माप भिंतीवर कोळशाने काढलं ते आलं. खुंटीचे ओठ बापाच्या शब्दांबरोबर हलत होते. तिला सगळी पाठ होती. धाकट्यांना क्षणभर पुतणीची दया आली आणि स्वतःचा राग आला. त्यांनी परत घड्याळाकडे बघितलं.

*

वहिनींना ही गोष्ट नवीन नव्हती. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे सांगायचे, दिवसातून पाच वेळा, आणि सून म्हणून त्यांना बावीस वर्षं ती ऐकावी लागली. पहिलं वर्ष कंटाळा आला. दुसऱ्या वर्षी, सासऱ्यांचं एखादं वाक्य राहिलं की त्यांनाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून आता त्यांचे हात वेत ओढत होते आणि कान पुढच्या वाक्याच्या आधीच तिथे जाऊन बसत होते.

"भर दुपारी कालव्याचा बांध फुटला," थोरले सांगत होते. "पाणी गल्लीत आलं, गल्लीतून तळघरात. सुतार तळघरात होता. लाकडांची चळत घसरून दारावर पडली आणि एका फळीखाली त्याचा पाय अडकला. पाणी कमरेला आलं. छातीला आलं."

आता, वहिनींच्या मनात आलं.

"मग कसाबसा तो सुटला आणि बाहेर आला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं."

वेताची पट्टी वहिनींच्या हातातून सुटली. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो पेटीकडे बघत पुढे चालला होता. चिखल उपसला, साचा धुतला, दांडी वळली, मास्तरांना निरोप गेला. वहिनींनी पट्टी परत उचलली. आपणच मध्ये डुलकी काढली की काय, असंही त्यांना वाटून गेलं. पण अठरा वर्षांत त्यांनी काही डुलकी काढली नव्हती, फक्त पाठ फिरवली होती.

"...मास्तर बसले, पाठ टेकली आणि म्हणाले, आता काही उठवत नाही." थोरल्यांनी पेटीवरचा हात उचलला.

"बावन्न," धाकटे म्हणाले. "सेकंदाचा फरक नाही."

खुंटीने कडीला हात घातला.

"खबरदार!" वहिनी उठून उभ्या राहिल्या. बैठक खाली पडली. "हात काढ. गोष्ट संपलेली नाही."

"वहिनी, वेळ झाली," धाकटे म्हणाले.

"तुमचं घड्याळ घाला बॉयलरमध्ये, भावोजी. अहो, सुतार सुटला कसा?"

"कसाबसा," थोरले म्हणाले.

"कसाबसा म्हणजे? छातीभर पाणी, पाय फळीखाली, दारावर चळत. मंत्र म्हटला का त्याने? चाकाच्या धावेचं माप सांगता, मास्तरांच्या पाठीत बाक किती होता ते सांगता, आणि बाप मरता मरता वाचला ते एका शब्दात?" त्यांचा आवाज खाली आला. "मुंगी कुठे आहे?"

खुंटीचा हात कडीवरच राहिला.

मुंगी. खुंटीला एकदम आजोबांची मांडी आठवली आणि त्यांच्या पोटातून येणारा आवाज. मुंगीने दातांत करवत धरली. तिला तेव्हा वाटायचं की ती खरीच मुंगी आहे, एवढीशी, आणि एवढी मोठी करवत तिला कशी पेलली म्हणून ती रोज विचारायची. हे आपण विसरलो कसं? नऊ वर्षं रोज ऐकताना त्या 'कसाबसा'पाशी तिला ठेच लागत होती, पण बापाच्या गोष्टीत चूक कोण काढणार?

"आत्या," ती म्हणाली. "मुंगी म्हणजे आत्या. बाबा, तुम्ही तिला गाळलंत?"

थोरले पेटीकडेच बघत राहिले. म्हणजे गाळलंच होतं.

धाकट्यांनी भिंतीवरच्या पत्र्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "एक मिनिट. म्हणजे मी मोजलं ते..."

"तुम्ही मोजलंत. ऐकलं नाहीत," वहिनी म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! वखारवाले बदला, बॉयलर बदला. लाकडाला काय ठाऊक, तुमच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही? त्याला त्याचा वेळ पाहिजे."

"पण आता उघड तरी! नाहीतर चुरगळतील सगळ्या!"

धाकटे ओरडले ते खुंटीवर. कडी तिच्या हातात होती. आत आठ दांड्या होत्या. त्या आत्ता काढल्या तर नेहमीसारख्या तीन-चार फुटतील, आणि थांबलं तर कदाचित आठही वाया जातील. हलवून खुंटा बळकट करायचा, असं आजोबा म्हणायचे. तिने कडीवरचा हात काढला.

"बाबा, राहिलेलं सांगा."

"मला येत नाही आता ते."

"मला येतं," दारातून कोणीतरी म्हणालं.

*

केस पांढरे झाले होते. नाकावर चष्मा होता, खांद्याला कापडी पिशवी. पण उभं राहण्याची तऱ्हा तीच, एका पायावर भार देऊन, कोणीतरी लवकरच भांडायला येणार आहे अशी. थोरल्यांनी बहिणीला तेवढ्यावरून ओळखलं असतं.

"तू बाराला येणार होतीस," धाकटे म्हणाले.

"बाहेर कधीची उभी आहे. 'दोन मुलगे' ऐकलं तेव्हाच परत निघाले होते."

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग म्हटलं, बघू तरी, माझ्याशिवाय बाबांना बाहेर काढतो कसा."

वहिनींना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही आवरायची त्यांची तयारी नव्हती.

थोरल्यांना त्या दिवसाचा शब्द न् शब्द आठवत होता. बाबांना जाऊन महिना झाला होता. पेटी भरली होती आणि मुंगी स्टुलावर जाऊन बसली होती. तो म्हणाला, ऊठ, पेटीची गोष्ट थोरल्याने सांगायची. ती म्हणाली, गोष्टीतली मुलगी मी, आणि सांगणार तू? मग तो जे बोलला ते बोलायला नको होतं. मग गोष्टीत राहूच नकोस, असं तो म्हणाला. ती गेली, आणि त्या दिवशी रागाच्या भरात त्याने खरोखरच तिला वगळून गोष्ट सांगितली. पहिल्यांदा जड गेलं. पुढच्या पेटीला सोपं गेलं. ती आता सुतारकामाच्या शाळेत शिकवते आणि तिची मुलं चांगली खुर्ची करतात, असं दुकानात येणारे सांगायचे. ते ऐकलं की दुसऱ्या दिवशी तिला गाळणं आणखी सोपं जायचं.

"दादा, लाकूड शिजतंय," आत्या म्हणाली. "मी सांगू?"

"नको. मी काढलं, मीच घालतो."

त्यांनी पेटीवर परत हात ठेवला. लाकूड चांगलंच तापलं होतं.

"तळघराला गल्लीच्या बाजूला एक झरोका होता," त्यांनी सुरुवात केली, आणि बाबांचे शब्द जिथे ठेवले होते तिथेच सापडले. "झरोक्याबाहेर दोघं उभी होती. थोरला तेरा वर्षांचा, मुंगी नऊ वर्षांची. धाकटा घरात फळीवर झोपला होता."

"अजून?" धाकटे पुटपुटले.

"झोपा गप," वहिनी म्हणाल्या.

"सुतार आतून ओरडला, करवत पाहिजे. फेकली असती तर पाण्यात गेली असती. कोणीतरी ती घेऊन आत जायला हवं होतं. थोरला खांद्याने रुंद, झरोक्यात..."

ते थांबले. बाबांनी रचलेलं वाक्य साधं होतं. थोरला खांद्याने रुंद, झरोक्यात मावेना, म्हणून त्याने दोर धरला. बाबांनी ते वाक्य त्यांच्यासाठी केलं होतं, आणि करताना त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पेटीला, हजारो वेळा, बापाच्या तोंडून ते ऐकताना त्यांना खाली बघावं लागलं होतं. बहिणीचा राग होताच. पण तिला गाळल्यावर हेही वाक्य गेलं आणि छातीवरचं ओझं उतरलं, हे आज नाकारता येत नव्हतं.

"मी मावलो असतो," थोरले म्हणाले. "मी घाबरलो होतो. पाणी काळं होतं. मी मावलो असतो."

 खुंटीने आपल्या बापाला असं कधी बघितलं नव्हतं आणि तिला कुठे बघावं कळेना.

"दादा," आत्या म्हणाली. आवाज मऊ नव्हता, कामाचा होता. "त्याचं आपण नंतर बघू. लाकूड थांबणार नाही. पुढे."

आणि थोरल्यांनी पुढे सांगितलं. दोर मुंगीच्या कमरेला बांधला. दुसरं टोक दिव्याच्या खांबाला एक वेढा देऊन थोरल्याच्या हातात. मुंगीने दातांत करवत धरली आणि पाय आधी घालून झरोक्यातून उतरली. पाणी तिच्या डोक्यावरून होतं. दोनदा खाली गेली, दोनदा वर आली. तिसऱ्यांदा सुताराच्या हाताला करवत लागली. त्याने मुंगीला आपल्या खांद्याला धरायला लावलं आणि पाण्याखाली, न दिसता, पायावरची फळी कापली, पंचेचाळीस ओढी, आणि प्रत्येक ओढीला थोरल्याने बाहेर मोठ्याने आकडा म्हटला, म्हणजे आतल्या दोघांना कळावं की बाहेर कोणी आहे. फळी सुटली. सुताराने हाक मारली, ओढ! थोरल्याने ओढलं. त्याच्या तळहातांची साल दोरावर राहिली, पण दोर सुटला नाही. मुंगी झरोक्यातून बाहेर आली, आणि सुताराने चळत लोटून दार उघडलं.

"दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं," थोरले म्हणाले आणि थांबले. "पुढचं सांगून झालंय."

"झालंय. परत नको," वहिनी म्हणाल्या. "खुंटे, उघड!"

*

वाफ अंगावर आली. खुंटीने पहिली दांडी ओढली, पोलादी पट्टीवर ठेवली, साच्याला लावली आणि पलीकडे बघितलं. पलीकडचं टोक बाबा धरत, दुखऱ्या खांद्याने, जरा उशिरा. आज तिथे आत्या होती. पिशवी जमिनीवर, चष्मा डोक्यावर, हातात कातडी मोजे.

"उजवं टोक माझं," आत्या म्हणाली. "मी श्वास सोडेन तेव्हा ओढ."

दोघींनी ओढलं. खुंटीचे दात सवयीने घट्ट आवळले गेले, कारण वळणापाशी आली की दांडी कुरकुरायची आणि मग तो आवाज यायचा. आवाज आला नाही. लाकूड साच्याला बिलगत गेलं, सावकाश, न कुरकुरता. दांडी साच्याला जखडायला थोरल्यांनी डाव्या हाताने शिकंजा फिरवला.

"एक," धाकटे म्हणाले.

दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या दांडीला खुंटीच्या लक्षात आलं की आपण हसतोय. पाचवी, सहावी. सातव्या दांडीला धाकट्यांनी मोजणं सोडून दुसरा शिकंजा उचलला होता, कारण थोरल्यांचा एक हात पुरत नव्हता. आठवी वळणाच्या अलीकडे कटकन गेली.

सगळे थांबले. धाकटे वाकले, चष्मा पुसला आणि फाटलेल्या जागी नख लावलं.

"गाठ आहे इथे," ते म्हणाले. "ही गाठीवर गेली. ही कुठेही गेली असती. मी धरत नाही."

"एक फुटली तर चालणार होतीच की," खुंटी म्हणाली.

"ती चालणारी एक मी तुला शिल्लक देतोय. गप घे." त्यांनी घड्याळ बघितलं. "बासष्ट मिनिटं झाली होती."

"त्यातली दोन भांडणाची," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे साठ." धाकटे पत्र्यावरच्या ५२ कडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. "दहा वर्षं मी चुकीचा आकडा टांगून ठेवला. अगदी अचूक."

त्यांनी टेबलावरची हातोडी बाजूला केली आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सगळ्यांनी ते बघितलं.

थोरले भिंतीला टेकून तळहात चोळत होते. आत्या त्यांच्यापाशी गेली. मोजे काढत काढत, त्यांच्याकडे न बघता ती बोलली.

"मला माहीत होतं."

"काय?"

"तू मावला असतास. मी तिथेच उभी होते ना. नऊ वर्षांची होते, आंधळी नव्हते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू आत गेला असतास तर दोर कोणी धरला असता? मी? माझ्या अंगात तुला ओढायचं बळ होतं का? तिघांतले दोघं आत राहिले असते." तिने मोजे पिशवीवर टाकले. "त्या पाण्यात मला काही दिसत नव्हतं, दादा. तुझे आकडे ऐकू येत होते. बत्तीस, तेहेतीस. म्हणून मी खाली थांबले. तू भित्रा असलास तरी पंचेचाळीसपर्यंत मोजलंस आणि हात सोडला नाहीस. आणि अठरा वर्षांपूर्वी सोडलास. माझा राग त्याचा आहे."

थोरल्यांनी मान खाली घातली. मग वर केली, कारण खाली बघत बोलायचं ते हे वाक्य नव्हतं.

"चुकलो मी, मुंगे."

"चुकलासच."

वहिनींनी खाली पडलेली बैठक उचलून झटकली. "वन्सं, जेवायला थांबणार की दारातूनच जाणार?"

"आधी ऐंशी खुर्च्या बघू. शाळेला सुट्टी आहे."

खुंटीने खडू घेतला, पत्र्यावरचं ५२ खोडलं आणि त्याखाली ६० लिहिलं. थोरले पुढे झाले आणि त्यांनी तळहाताने ६० पुसून टाकलं.

"बाबा!"

"आकडा टांगला की गोष्ट कोणी ऐकत नाही. मग कोणीही काहीही गाळतं. मी तेच केलं." त्यांनी दुसऱ्या आठ दांड्या उचलून पेटीत सरकवल्या, एकेक बघून, गाठ असलेली बाजूला काढून. दार लावलं. मग पायाने स्टूल ढकललं, थेट बहिणीच्या पुढ्यात.

आत्या स्टुलाकडे बघत राहिली. हे तिने मागितलं होतं आणि आता ते समोर आलं तेव्हा तिला लगेच बसता येईना. खुंटीने चिंध्या कोंबल्या आणि वाट बघत उभी राहिली. धाकट्यांनी घड्याळ काढलं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत खिशात घातलं.

"ताई, बस ना," ते म्हणाले. "मला झोपायचंय."

ती बसली. पेटीवर हात ठेवला.

"एक सुतार होता," आत्या म्हणाली, "आणि त्याला तीन मुलं होती. थोरल्याने दोर सोडला नाही, म्हणून हे सांगायला मी आहे."

खिडकीशी वहिनींनी बोट वर केलं. "वन्सं, हे शेवटचं वाक्य मामंजींच्या गोष्टीत नव्हतं. वेळ लांबेल."

"लांबू दे," आत्या म्हणाली. "जास्त झालं तर लाकूड सांगेल."